नामिबिया रग्बी: सात विश्वचषक, २६ सामने, एकही विजय नाही. हा रेकॉर्ड वाचायचा कसा?

वसमतचा रेडर

मंडळी, मी वसमतचा. सध्या नांदेडला पोलीस भरतीची तयारी करतोय. शाळेपासून कबड्डी खेळतो, त्यामुळं अंगाला अंग भिडणारा कुठलाही खेळ दिसला की बघत बसतो. रग्बीचा नाद मोबाईलवरूनच लागला. रात्री मेसचा डबा खाऊन झाला की खोलीवर कोणीतरी हायलाइट्स लावतं आणि मग बोलणं सुरू होतं.

परवा वाद पेटला तो नामिबियावरून. हा देश आम्हाला क्रिकेटमुळं माहीत. २०२२ च्या टी-२० विश्वचषकात पहिल्याच दिवशी त्यांनी श्रीलंकेला ५५ धावांनी हरवलं होतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विंडहुकला दक्षिण आफ्रिकेलाही हरवलं. म्हणून म्हटलं रग्बीत यांचं काय आहे ते बघू. बघतो तर १९९९ ते २०२३ सलग सात विश्वचषक खेळलेत आणि एकही सामना जिंकलेला नाही. त्यात २००३ ला ऑस्ट्रेलियानं १४२-० असं धुतलंय.

रूममेट म्हणतो, असल्या संघाला विश्वचषकात घ्यायचंच कामून? मला ते पटत नाही. लागोपाठ सात वेळा पात्र ठरणारा संघ फालतू असूच शकत नाही. पण माझ्याकडं मुद्दे नाहीत, नुसती चीड आहे. ज्यांनी हा खेळ नीट पाहिलाय त्यांनी सांगा: या पराभवांमध्ये काही फरक आहे का, की सगळे सारखेच? आणि १४२-० होतंच कसं? ८० मिनिटांत एक पेनल्टीसुद्धा मिळू नये?

स्टीलसिटी जालना

भावा, तुझा रूममेट बोलतोय ते कडू असलं तरी त्यात तथ्य आहे. मी हे नामिबियाचा अपमान म्हणून लिहीत नाहीये. माझा मुद्दा शरीराचा आहे. एका बाजूला बारा महिने पगार घेऊन व्यायाम करणारे शंभर-सव्वाशे किलोचे गडी, आणि दुसऱ्या बाजूला नोकरी, शेती सांभाळून सराव करणारी पोरं. या दोघांची टक्कर लावायची म्हणजे कोणाचा तरी मणका जाणार.

१९९५ च्या विश्वचषकात आफ्रिकेतून आयव्हरी कोस्ट पात्र ठरला होता. टोंगाविरुद्ध सामना सुरू होऊन काही मिनिटंच झाली होती, तेवढ्यात त्यांचा मॅक्स ब्रिटो खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली सापडला आणि मानेखाली कायमचा लुळा झाला. धडधाकट तरुण माणूस. ते वाचल्यापासून मला १४२-० सारखा आकडा बघवत नाही. दुबळ्या संघांची वेगळी स्पर्धा घ्या, त्यांना तिथं जिंकू द्या, हळूहळू वर आणा.

सेलूच्या पीटी मॅडम

वसमतकरा, तुझा प्रश्न वाचला आणि वही घेऊनच बसले. मी सेलू तालुक्यात एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, मुलींचा रग्बी संघ बांधते. नामिबियाच्या प्रत्येक विश्वचषकाचे आकडे माझ्या वहीत आहेत, कारण मुली मोठ्या फरकानं हरून आल्या की मी त्यांच्यासमोर हेच पान उघडते. तेव्हा जरा सविस्तर लिहिते, वाच.

पहिली गोष्ट, १९९९ पासून मोजायला सुरुवात करू नकोस, १९९१ पासून कर. नामिबिया स्वतंत्र झाला २१ मार्च १९९० ला. त्याआधी त्यांचा संघ 'दक्षिण-पश्चिम आफ्रिका' या नावानं दक्षिण आफ्रिकेच्या करी कप या देशांतर्गत स्पर्धेत खेळायचा. म्हणजे देश नवीन होता, खेळ नव्हे. स्वातंत्र्याला जेमतेम सव्वा वर्ष होतंय, तोच या संघानं इटलीला घरी बोलावून दोन्ही कसोट्यांत (रग्बीत देशादेशांतल्या सामन्याला कसोटी म्हणतात) हरवलं. पाठोपाठ जुलैमध्ये आयर्लंड विंडहुकला आलं आणि तेही दोन्ही हरून गेलं, १५-६ आणि २६-१५. हे आयर्लंड म्हणजे लेचंपेचं नव्हतं. त्याच वर्षीच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. ऑस्ट्रेलिया १९-१८ असं कसंबसं निसटलं आणि पुढं विश्वविजेतं झालं.

आणि त्या विश्वचषकात नामिबिया नव्हता! आफ्रिकेची जागा आधीच झिंबाब्वेच्या नावावर लागली होती. त्यांचा सगळ्यात दणकट संघ विश्वचषकाच्या मैदानात उतरलाच नाही. माझ्या मते या संघाच्या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी हळहळ हीच आहे, १४२-० नव्हे. १९९५ लाही जागा आयव्हरी कोस्टनं नेली. त्याच वर्षी रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झालं. मोठ्या देशांत क्लबांचा पैसा वाहू लागला, खेळाडू पूर्णवेळ झाले. नामिबियाची लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेत ३० लाखांच्या आसपास आली. आपला एकटा नांदेड जिल्हा २०११ मध्येच त्याच्या पुढं होता. एवढ्याशा लोकवस्तीत, त्यातल्या थोड्याच लोकांत रुजलेला हा खेळ, पगारी रग्बी कुठून आणणार?

१९९९ ला एकदाचे पोचले. फिजी ६७-१८, फ्रान्स ४७-१३, कॅनडा ७२-११. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

२००३ वर मात्र बोलायला पाहिजे, कारण सगळे तोच आकडा फेकतात. २५ ऑक्टोबर, ॲडलेड. ऑस्ट्रेलियानं २२ ट्राय केले (ट्राय म्हणजे समोरच्याच्या गोलरेषेपलीकडं चेंडू जमिनीवर टेकवणं), म्हणजे साडेतीन-पावणेचार मिनिटाला एक. ख्रिस लॅथमचे एकट्याचे पाच ट्राय, मॅट रॉजर्सचे एकट्याचे ४२ गुण. तुला पेनल्टीचं कोडं पडलंय ना? पेनल्टीवर गोल मारायचा तर आधी समोरच्यानं स्वतःच्या हद्दीत चूक करायला पाहिजे, आणि त्यासाठी चेंडू तुमच्या हातात पाहिजे. त्या दिवशी चेंडू टिकतच नव्हता. ट्राय झाला की नामिबियाचे खेळाडू गोलपोस्टखाली जमायचे, कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतर मिळणारी किक, बघायचे, पुन्हा मध्यावर यायचे. ट्रायचे पाच आणि कन्व्हर्जनचे दोन, प्रत्येक फेरीला पाच नाहीतर सात गुण चढत गेले.

आता तारखा बघ. नामिबियाचे सामने: १४, १९, २५ आणि ३० ऑक्टोबर. ऑस्ट्रेलियाचे: १०, १८, २५ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. ज्यांच्याकडं बदली खेळाडूंची रांग आहे त्यांना आठवडाभर विश्रांती, आणि ज्यांच्याकडं पंधरा धड गोळा करता करता नाकी नऊ येतात त्यांना पाच दिवसांत पुन्हा मैदान. टीव्हीवाल्यांना मोठे संघ शनिवार-रविवारी लागतात, मधले वार लहानांच्या वाट्याला. ही गोष्ट माझ्या फार मनाला लागते. १४२-० च्या पाठोपाठ पाचव्या दिवशी ते रुमानियासमोर उभे राहिले, ३७-७ हरले. पण सात गुण घेतलेच.

याच संघात रूडी व्हॅन व्ह्यूरेन होता. तुम्ही क्रिकेटवाले आहात म्हणून सांगते. २००३ च्याच क्रिकेट विश्वचषकात पीटरमॅरिट्झबर्गला भारत-नामिबिया सामना झाला होता, सचिन १५२, गांगुली नाबाद ११२. त्या सामन्यात सचिनची विकेट याच व्हॅन व्ह्यूरेननं घेतली. त्याच स्पर्धेत इंग्लंडचे पाच गडी बाद केले. पेशानं डॉक्टर. एका वर्षात क्रिकेट आणि रग्बी दोन्ही विश्वचषक खेळणारा तो पहिला माणूस.

२००७ ला बोर्डोमध्ये आयर्लंडला ३२-१७ पर्यंत रोखलं. पुढं फ्रान्सनं ८७-१०, अर्जेंटिनानं ६३-३ आणि जॉर्जियानं ३०-० हरवलं. जॉर्जियाचा हा विश्वचषकातला पहिलावहिला विजय, हे लक्षात ठेव. २०११ ला रोटोरुआमध्ये फिजीविरुद्ध ट्यून्स कोत्झेनं काही मिनिटांच्या आत तीन ड्रॉप गोल मारले. पळता पळता चेंडू जमिनीवर टेकवून उडवायचा आणि दोन खांबांमधून पाठवायचा, तेही लागोपाठ तीन. फिजी जिंकलं ४९-२५. सामोआ ४९-१२. मग दक्षिण आफ्रिका ८७-०, वेल्स ८१-७.

आता २०१५, इंग्लंड. माझ्या वहीत या पानाला कोपरा दुमडलेला आहे. पहिला सामना गतविजेत्या न्यूझीलंडशी, ५८-१४. त्यात योहान डेझेलनं ट्राय केला, आणि ऑल ब्लॅक्सविरुद्धचा, म्हणजे न्यूझीलंडविरुद्धचा, तो ट्राय त्या संघानं असा साजरा केला की विश्वचषकच जिंकलाय. टोंगाशी ३५-२१. मग ७ ऑक्टोबर, एक्सेटर, समोर जॉर्जिया, आठ वर्षांपूर्वी ३०-० हरवणारा. कर्णधार जॅक बर्गर, इंग्लंडच्या सारासेन्स क्लबचा फ्लँकर (पुढच्या आठ गड्यांपैकी एक), नामिबियाचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू, सुरुवातीलाच डोक्याला मार लागून बाहेर गेला. आपल्याकडं कर्णधार गेला की संघ खांदे पाडतो. इथं उलट झालं. शेवटच्या मिनिटांत कोत्झेनं ट्राय केला, कन्व्हर्जनही मारलं आणि फलक झाला १७-१६. एक गुण कमी पडला. सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर रग्बीत एक बोनस गुण मिळतो. विश्वचषकाच्या गुणतक्त्यात नामिबियाच्या नावापुढं पडलेला तो पहिला गुण. चारच दिवसांनी अर्जेंटिनासमोर उभे राहिले आणि ६४-१९ हरले.

आता रूममेटला हे दाखव. प्रत्येक विश्वचषकात सरासरी किती गुणांच्या फरकानं हरले ते मी काढलंय. १९९९: ४८. २००३: साडेसत्तर. २००७: साडेपंचेचाळीस. २०११: साडेपंचावन्न. २०१५: २६. सगळ्या पराभवांना एकाच पोत्यात भरता येत नाही ते यासाठी. विजयाच्या रकान्यात शून्यच आहे, पण साडेसत्तरावरून बारा वर्षांत २६ वर आलेत.

२०१९ ला जपान. इटलीशी ४७-२२, दक्षिण आफ्रिकेशी ५७-३. टोकियोत न्यूझीलंडशी अर्धा तास होत आला तरी फलक १०-९ होता. न्यूझीलंडच्या चेहऱ्यांवर काळजी दिसत होती. शेवटी ७१-९ झालं, कारण ताज्या दमाचे बदली गडी एकाच बाजूकडं होते. पण ती पहिली तीस मिनिटं मी मुलींना पुन्हा पुन्हा दाखवते.

मग १३ ऑक्टोबरला कामाइशीत कॅनडाशी गाठ होती. वीस वर्षांत जिंकण्याची सगळ्यात चांगली संधी हीच. कामाइशीचं ते मैदान २०११ च्या त्सुनामीत वाहून गेलेल्या दोन शाळांच्या जागेवर बांधलंय. त्या शाळांची मुलं वेळेत टेकडीकडं पळाली म्हणून वाचली. आणि सामन्याच्या आदल्या रात्री हागिबिस चक्रीवादळ आलं. सामना रद्द झाला, ०-० बरोबरी धरून दोघांना दोन-दोन गुण दिले. कॅनडाचे खेळाडू फावडी घेऊन रस्त्यावरचा गाळ काढायला गेले, नामिबियाचे खेळाडू मियाको गावात लोकांना भेटायला गेले. त्याच संध्याकाळी योकोहामात जपान-स्कॉटलंड सामना मात्र झाला. निर्णय सुरक्षेचा होता, मला मान्य आहे. तरी नामिबियाच्या त्या पोरांसाठी जीव तुटतो.

२०२३ ला फ्रान्समध्ये इटली ५२-८, न्यूझीलंड ७१-३, फ्रान्स ९६-०. तो डेझेल, आठ वर्षांपूर्वी ट्राय करणारा, आता कर्णधार होता. फ्रान्सच्या दुपाँला टॅकल करताना डोक्याला डोकं आपटलं, दुपाँच्या गालाचं हाड मोडलं, डेझेलला रेड कार्ड मिळालं. शेवटी लियोंला उरुग्वेशी बराच वेळ पुढं राहून ३६-२६ हरले.

जालनेकर दादा, तुमची काळजी मला कळते. मीही रोज दुसऱ्यांच्या लेकी मैदानात उतरवते. पण मॅक्स ब्रिटोचा सामना टोंगाशी होता. टोंगा काही महासत्ता नव्हे, त्यांचंही रग्बी छोटंच. इजा ताकदीच्या फरकानं होते तशीच चुकीच्या तंत्रानं आणि थकलेल्या अंगानंही होते. म्हणून मी तारखांवर एवढं लिहिलं.

वसमतचा रेडर

मॅडम, तुमचं उत्तर रात्री खोलीवर मोठ्यानं वाचून काढलं. सचिनच्या विकेटपाशी सगळे उठून बसले. १७-१६ चा सामना शोधून बघतोच.

एकच शंका. २०१५ ला फरक २६ वर आला होता, मग नंतर परत वाढला कामून? माझ्या हिशेबानं २०१९ ला ४७ आणि २०२३ ला साडेचोपन्न येतो. वर जाऊन परत घसरलेत. आणि २०२७ ला ते आहेत का?

खो-खो धाराशिव

मध्येच बोलतो, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी खो-खोतला माणूस. १४२-० वर आपण हळहळतोय, पण जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा आपण काय केलं ते आठवा. आपल्या महिला संघानं पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळ आपल्या बीड जिल्ह्यातली. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवून विश्वचषक आपला झाला. मला त्याचा केवढा अभिमान आहे ते शब्दांत सांगता येत नाही.

पण तेव्हा त्या कोरियन मुलींकडं बघून माझ्या मनात एकच आलं, या परत आल्या पाहिजेत. खांबाजवळून वळायचं कसं, बसलेल्या खेळाडूला खो देताना पाय कुठं ठेवायचा, हे त्या समोरच्यांकडं बघून तिथल्या तिथं शिकत होत्या. जालन्याच्या दादांचा नियम इथं लावला, दुबळ्यांनी वेगळं खेळा म्हटलं, तर आपला खो-खो उद्या खेळायचा कोणाशी? धाराशिवची दोन मंडळं आपसात खेळून विश्वचषक होत नाही. ऑलिंपिकचं स्वप्न बघायचं असेल तर कोरियासारख्या वीस-पंचवीस देशांनी सुरुवातीचे मोठे पराभव पचवून टिकून राहावं लागेल. नामिबियानं रग्बीसाठी तेच केलंय, म्हणून माझा त्यांना सलाम आहे.

सेलूच्या पीटी मॅडम

धाराशिवकर सर, कोरियाचं उदाहरण उद्याच वर्गात सांगणार.

वसमतकरा, तुझा हिशेब बरोबर आहे. घसरणीची कारणं मला जशी दिसतात तशी लिहिते.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे मधली पायरीच नाही. २०२२ ला आफ्रिकेच्या पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नामिबियानं केनियाला ३६-० हरवलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सनं त्यांना ९६-० हरवलं. या दोन सामन्यांच्या मधल्या ताकदीचे संघ त्यांना वर्षानुवर्षं भेटतच नाहीत. जॉर्जियाला दरवर्षी युरोपातल्या दुसऱ्या फळीच्या स्पर्धेत रुमानिया, स्पेन, पोर्तुगाल भेटतात. दोन-चार गुणांनी हरायची, दोन-चार गुणांनी जिंकायची सवय तिथं लागते. आठ मिनिटं राहिलीत, आपण पाच गुणांनी पुढं आहोत, आता चेंडू पायानं लांब मारायचा की हातात धरून ठेवायचा, हा निर्णय सरावात शिकवता येत नाही. तो अटीतटीच्या सामन्यांत शिकावा लागतो. उरुग्वेविरुद्ध पुढं असताना नामिबियाला नेमकं तेच जमलं नाही.

पोर्तुगाल बघ. २००७ ला पहिल्यांदा विश्वचषकात आले, न्यूझीलंडकडून १०८-१३ हरले. नंतर तीन विश्वचषक पात्रसुद्धा ठरले नाहीत. २०२३ ला परतले तेव्हा जॉर्जियाशी १८-१८ बरोबरी केली आणि फिजीला २४-२३ हरवलं, त्यांचा पहिला विजय. जपान १९९५ ला न्यूझीलंडकडून १४५-१७ हरलं होतं, म्हणजे नामिबियापेक्षाही जास्त गुण खाल्ले, फरक मात्र १२८ चा. वीस वर्षांनी त्याच जपाननं ब्रायटनला दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ हरवलं. शेवटच्या क्षणी पेनल्टी मारून बरोबरी साधता येत होती, पण कर्णधार लीचनं स्क्रम (दोन्ही संघांचे पुढचे गडी एकमेकांना भिडून रेटतात तो डाव) मागितला आणि ट्राय काढला. पण जपानकडं मोठमोठ्या कंपन्यांचे संघ, पगार, परदेशी प्रशिक्षक सगळं आहे. नामिबियाकडं यातलं काय आहे?

दुसरं, शेजारी दक्षिण आफ्रिका आहे. आजच्या नामिबियातल्या वॉल्विस बे इथं जन्मलेला पर्सी मोंटगोमेरी २००७ च्या विश्वचषकात १०५ गुण करून पहिला आला, पण दक्षिण आफ्रिकेकडून. ते जगज्जेते झाले आणि त्याच स्पर्धेत नामिबिया चारही सामने हरून घरी गेला. चांगला मुलगा हाती लागला की त्याला मोठं मैदान आणि पगार सीमेपलीकडं दिसतो. त्याला दोष देता येत नाही. आपल्या लातूर-बीडची किती पोरं पुण्या-मुंबईच्या संघांकडून कबड्डी खेळतात.

२०२७ चं उत्तर मला लिहवत नाही, पण लिहिते. ते नाहीत. २०२४ ला झिंबाब्वेनं आफ्रिकेतल्या उपांत्य सामन्यात नामिबियाला हरवलं. १९ जुलै २०२५ ला कंपालात अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोघं समोरासमोर आले आणि झिंबाब्वे ३०-२८ नं जिंकलं. १९९१ नंतर झिंबाब्वे पहिल्यांदा विश्वचषकाला जातोय, आणि त्यांचा आनंद खराच आहे. नामिबियाला दुबईत शेवटची एक संधी होती, ती जागा सामोआनं घेतली. ऑस्ट्रेलियात होणाऱ्या या विश्वचषकात पहिल्यांदाच २४ संघ असतील, म्हणजे आधीपेक्षा चार जागा जास्त, आणि नेमका त्याच वेळी नामिबिया बाहेर. दोन गुणांनी.

रूममेटला सांग, 'यांना घ्यायचं कशाला' या प्रश्नाचं उत्तर झिंबाब्वेनं मैदानात दिलं. कोणी उपकार म्हणून घेत नाही. पात्रता जिंकली तर जागा, हरली तर घरी.

स्टीलसिटी जालना

मॅडम, तारखांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तो पटला. विश्रांतीचे दिवस सगळ्यांना सारखे मिळाले पाहिजेत यावर मी तुमच्या बाजूनं. पण दुबळ्या-बळकटांच्या टकरीबद्दल माझं मन अजून तयार होत नाही. माझी पुतणी नववीत आहे, शाळेत रग्बीसाठी नाव दिलंय. तुम्ही मुलींना टॅकल शिकवता कसं? मैदान कसलं वापरता?

सेलूच्या पीटी मॅडम

दादा, हे विचारलंत ते बरं केलं.

शाळेच्या मैदानावर मुरूम आहे, त्यावर मी टॅकल कधीच घेत नाही. तिथं फक्त पळणं आणि पासिंग. सोयाबीन निघालं की शाळेला लागून असलेलं एक रान वखरून मोकळं होतं, मालक रब्बीच्या पेरणीपर्यंत आम्हाला देतात. ढेकळं फुटून माती भुसभुशीत झालेली असते, पडलं तरी लागत नाही. पाऊस जास्त झाला तर काळी माती पायाला चिकटते, त्या दिवशी सराव बंद.

पहिले बरेच दिवस दोघी मुली गुडघ्यावर बसून. एकीच्या काखेत चेंडू, दुसरी बाजूनं येते. डोकं चेंडूवालीच्या पाठीमागच्या बाजूला गेलं पाहिजे, गाल तिच्या कमरेला घट्ट चिकटला पाहिजे, नजर वर, मग दोन्ही हातांची मिठी आणि खांद्याचा रेटा. डोकं पोटाच्या पुढून गेलं की मी तिथंच शिट्टी वाजवते, कारण पडताना अख्खं वजन मानेवर येतं. कबड्डीतून आलेल्या मुली सवयीनं घोट्यावर झेपावतात, त्यांची नजर खाली जाते. ती सवय मोडायला वेळ लागतो. गुडघ्यावर जमलं की एकीनं चालत यायचं, मग हळू पळत, मग पूर्ण वेगात. ज्या मुलीचं डोकं अजून चुकीच्या बाजूला जातंय ती कितीही चपळ असो, तिला मी सामन्यात उतरवत नाही. पुतणीच्या सरांना पहिल्याच दिवशी विचारा, टॅकल कुठल्या जमिनीवर घेता आणि डोक्याची बाजू तपासता का. दोन्हींचं उत्तर नीट मिळालं तर खुशाल पाठवा. माउथगार्ड मात्र घरूनच द्या, शाळेकडून मिळण्याची वाट बघू नका.

वसमतकरा, जॉर्जियाचा सामना हायलाइट्समध्ये बघू नकोस, पूर्ण ८० मिनिटं बघ. हायलाइट्समध्ये ट्राय असतात, टॅकल कापून टाकतात. बर्गर बाहेर गेल्यापासून पुढं बघ, जॉर्जियाचे आडदांड फॉरवर्ड, म्हणजे पुढचे आठ गडी, ट्राय लाइनजवळ आले की नामिबियाचे गडी किती खाली वाकून जातात आणि त्यांची डोकी कोणत्या बाजूला असतात. रेडर आहेस, तुला ते माझ्याआधी दिसेल. बघून झालं की इथं लिही.